उतरत्या पाण्याची कड : फाल्गुन-चैत्रात उजनीवर गळ टाकायला शिकताना

फाल्गुनात संध्याकाळी उजनीच्या काठावर पाण्याला लागून एक काडी रोवा आणि सकाळी येऊन बघा. कालव्याला आणि नदीला पाणी सुटलेलं असेल तर काडी कोरड्यात उभी दिसते. पन्नास फूट आत चालावं तेव्हा कुठं फूटभर खोली मिळते, असा काठ इथं पुष्कळ ठिकाणी आहे. अशा काठावर पातळी दोन बोटं उतरली की पाण्याची कड पाच-सहा फूट मागे जाते. काल जिथं चिलापी लागली तिथं आज चिखल असतो.

नवीन माणूस आला की आधी विचारतो, रॉड कोणता घेऊ, कणकेत काय मिसळू. ते पुढं सांगतोच. पण माझ्या मते फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत शिकायची पहिली गोष्ट म्हणजे उतरतं पाणी. गणपतीच्या सुमारास धरण भरलेलं असतं तेव्हा सगळं पाणी सारखंच दिसतं, खाली काय आहे ते कळायला मार्ग नसतो. वसंतात मात्र धरणाचा तळ रोज थोडा थोडा उघडा पडतो. तो बघून ठेवला तर पुढची कित्येक वर्षं कामाला येतो.

निघण्याआधी

उजनी म्हणजे भीमेवरचा यशवंतसागर. धरण १९८० साली पूर्ण झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात, आणि फुगवटा पार पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या हद्दीत शिरलेला. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, आणि त्यातला निम्म्याहून जास्त, ६३ टीएमसीच्या वर, मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरलेलं तळाचं पाणी. म्हणून ‘उजनी शून्यावर’, ‘उजनी उणे वीस टक्के’ अशा बातम्या वाचून धरण आटलं असं समजू नका. शून्य टक्क्यालाही मासे धरायला अफाट पाणी असतं, फक्त ते तुमच्या ओळखीच्या काठापासून लांब गेलेलं असतं. जायच्या आदल्या दिवशी टक्केवारी बघायची आणि वहीत लिहायची. एकच जागा पन्नास टक्क्यांना कशी होती आणि दहा टक्क्यांना कशी, हे दोन वर्षांनी त्या वहीतून कळतं.

परवानगीचं आधी विचारा. धरणातली मासेमारी परवान्यानं किंवा ठेक्यानं चालते, आणि आपण ज्या पाण्यात गळ टाकतो त्यावर काठच्या शेकडो कुटुंबांचं पोट आहे. गावातल्या मच्छीमारांना किंवा त्यांच्या संस्थेला भेटून, कुठं बसलं तर चालेल, पास लागतो का, जाळी कुठं लावली आहेत, हे विचारून घ्या. नुसतं “दादा, इथं बसलो तर चालेल ना?” एवढं विचारलं तरी माणसं जागा दाखवतात, आणि तासभर फुकट जाणारा वेळही वाचतो. भिंतीच्या आसपासचा भाग बंदीचा असतो, तिकडं जायचं नाही. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या बाजूला मार्चपर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे उथळ पाण्यात चरत असतात. थवा दिसला की आपण दुसरीकडं बसायचं.

तीन महिन्यांत पाणी कसं बदलतं

परदेशी व्हिडिओंमध्ये वसंत म्हणजे बर्फ वितळण्याचे दिवस, मासे अंडी घालायला काठाला येतात वगैरे ऐकायला मिळतं. ते त्यांच्या पाण्याला खरं आहे. आपले रोहू, कटला, मृगळ पावसाळ्यात, वाहत्या पाण्यात अंडी घालतात. वसंतात ते पोट भरायच्या मागे असतात. पाणी तापत जातं तशी त्यांची भूक वाढते आणि पावसाआधी अंगात अंडी भरू लागतात. म्हणजे आपल्याकडं हे दिवस चरणाऱ्या माशाचे, आणि चरणारा मासा गळाला येतो.

चिलापीचं वेगळं आहे. मोझांबिक चिलापी १९५२ साली भारतात आणली गेली आणि इथल्या पाण्यांत पसरली. गार पाण्यात ती सुस्त असते, पाणी वीस-बावीस अंशांच्या वर गेलं की जागी होते आणि तिचा विणीचा उद्योग सुरू होतो.

फेब्रुवारीत सकाळी पाण्यात हात घातला तर गारवा झोंबतो. तेव्हा उजाडताच जाऊन बसण्यात फारसं हशील नाही. दहानंतर, ऊन उथळ पाण्यात मुरलं की चिलापी काठाला येते आणि दुपारी तीन-चारपर्यंत खाते. मार्च सगळ्यात चांगला, सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही साधतात. एप्रिलमध्ये दुपार सोडून द्यावी. उन्हात माणूस टिकत नाही, आणि मोठा मासाही खोलात उतरलेला असतो.

इथं उजनीचं एक खास लक्षात ठेवा. मुळा-मुठेतून आणि पवनेतून पुणे-पिंपरीचं सांडपाणी भीमेत येतं आणि भीमेतून इथं. त्या खतावर शेवाळ माजतं आणि उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं. हे शेवाळ दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतं आणि रात्री तोच ओढून घेतं. त्यामुळं उकाड्याच्या, वारा पडलेल्या रात्रीनंतर पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. अशा पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून हवा घेताना दिसतात, ठिकठिकाणी बारीक वर्तुळं उठतात. नवखा हरखतो, की केवढे मासे वर आलेत. पण गुदमरलेला मासा खात नाही. थर्मासमधला चहा काढा आणि थांबा. ऊन तासभर वर आलं किंवा वाऱ्याची झुळूक सुटली की तीच जागा चालू होते.

आणि वारा. मार्चपासून दुपारी पश्चिमेकडचा वारा धरतो. तो वरचं कोमट पाणी, शेवाळ आणि त्यातले बारीक जीव पूर्वेच्या काठाला ढकलत नेतो, मागोमाग मासा. त्यामुळं वारा तोंडावर येतोय असाच काठ निवडा. गळ फेकायला जड जातं, डोळ्यांत पाणी येतं, तरी तिथंच बसा. पाठीवर वारा घेऊन आरामात बसलेल्यापेक्षा तुमची पिशवी जड होईल.

काठ वाचायचा

पोचल्या पोचल्या रॉड जोडू नका. अर्धा तास नुसते फिरा.

कडेला नुकत्याच उघड्या पडलेल्या चिखलात ताटाएवढे गोल खळगे दिसतील, एकाला लागून एक, मधोमध स्वच्छ आणि कडा किंचित उचललेल्या. ही चिलापीची घरटी. नर शेपटीनं आणि तोंडानं खळगा साफ करतो, मादी तिथं अंडी घालते आणि लगेच तोंडात घेऊन उबवायला निघून जाते. खळगे कोरडे पडले म्हणजे नर नाहीसे झाले असं नाही. ते तेवढ्याच खोलीवर, थोडं आत, नवे खळगे करत असतात. कोरड्या खळग्यांपासून पाण्याच्या दिशेनं पंधरा-वीस पावलं मोजा, तुमचा पहिला गळ तिथं पडायला हवा.

मग उताराकडं बघा. सपाट गाळ एकदम संपून जमीन खाली वळते अशा जागा असतात: बुडालेल्या ओढ्याचा काठ, जुना बांध, गाडीरस्ता, विहिरीचं कडं. पाणी उतरताना मासा उथळ फाट्यात अडकून राहत नाही, तो अशा पहिल्या उतारावर येऊन थांबतो. एका बाजूला चरायला उथळ जागा, दुसऱ्या बाजूला पळायला खोल. काठावर ओढ्याची सुकलेली रेघ दिसत असेल तर तिच्या सरळ रेषेत पाण्यात बघा, ओढा आतही तसाच गेलेला असतो. पाणी फारच खाली गेलं की पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं आणि लोक ते बघायला येतात. तसंच प्रत्येक काठावर कुणाचं तरी शेत, कुणाची तरी विहीर वर येते. या भागातल्या वयस्कर माणसांना बुडालेल्या शिवाराची जागान् जागा पाठ असते. त्यांच्याजवळ बसून ऐकलं तर धरणाखालचा नकाशा मिळतो.

जे पाण्याखाली आहे ते शिश्यानं चाचपायचं. तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीला, वीस ग्रॅमचं शिसं बांधा, गळ नको. फेका आणि पाण्यावर पडल्याचा आवाज झाल्यापासून तंगूस सैल पडेपर्यंत मनात आकडे मोजा. एका जागी चार आले आणि तीन पावलं बाजूला आठ आले, तर मध्ये उतार आहे. मग शिसं हळूहळू ओढत आणा आणि रॉडवर बोट टेकवून ठेवा. मुरूम किंवा दगड असेल तर टकटक हाताला लागते. गाळात शिसं जड होतं आणि गुळगुळीत सरकतं. पाणवनस्पती असेल तर अडकतं, ताणतं आणि सुटतं. बुडलेली बाभूळ एकदा धरली की सोडत नाही. तीन-चार वेळा ओढलं की त्या जागेचं चित्र डोळ्यांपुढं येतं. मुरूम संपून गाळ सुरू होतो ती रेघ सापडली तर रोहू-मृगळासाठी याहून चांगली जागा मी तरी पाहिलेली नाही.

साहित्य

थोडकंच घ्या. आठ ते दहा फुटांचा मध्यम रॉड, साधं स्पिनिंग रीळ, ०.३० मिलिमीटरचा तंगूस. नुसती चिलापी धरायची तर बांबूची काठीही पुरते, तंगूस ०.२० ते ०.२५ घ्या. गळ चिलापीला आठ-दहा नंबरचे, रोहूला चार-सहा नंबरचे. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, दुकानात गोंधळू नका. मोराच्या पिसाच्या दांडीचा किंवा बाजारातला तरंगा, थोडं शिसं, गळ काढायला चिमटा.

गाठ मात्र घरी बसून शिका. तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवा, मूळ तंगुसाभोवती पाच-सहा वेढे द्या, टोक डोळ्याजवळच्या पहिल्या फटीतून घाला, नंतर वेढ्यांमुळं झालेल्या मोठ्या फासातून काढा. ओढण्याआधी गाठ थुंकीनं ओली करा. कोरडी गाठ आवळताना घर्षणानं तापते आणि तंगूस तिथंच कमजोर होतो. मोठा मासा सुटला की लोक तंगुसाला दोष देतात. टोक नीट बघा, पिळवटलेलं, कुरळं झालेलं असेल तर गाठ सुटलेली असते.

आमिषात चिलापीला गांडूळ सगळ्यात भरवशाचं. बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरे. रोहू-मृगळाला कणकेचा गोळा. मी एक वाटी कणीक, अर्धी वाटी शेंगदाण्याची पेंड भाजून कुटलेली आणि चिमूटभर हिंग घेतो, धरणाच्याच पाण्यात घट्ट मळतो. मळताना कापसाचा लहानसा पुंजका पिंजून त्यात घालायचा. कापसाचे धागे कणीक धरून ठेवतात, फेकताना गोळा सुटत नाही आणि बारीक मासे टोचून टोचून संपवत नाहीत. गोळा बोराएवढा, गळाचं टोक किंचित बाहेर.

पहिला दिवस चिलापीचा

घरट्यांच्या रेषेच्या आत, दोन ते चार फूट पाण्यात तरंगा असा बांधा की गांडूळ तळापासून चार बोटं वर राहील. मूठभर पेंडेचा चुरा तिथं टाका. सारखा टाकत बसू नका, पोट भरलेला मासा गळाकडं बघत नाही, आणि या पाण्यात आधीच खत जास्त आहे. तरंगा टुकटुक हलतो तेव्हा ओढायचं नाही. ती तोंडात घेऊन थुंकत असते. तरंगा तिरका होऊन एका बाजूला चालू लागला किंवा सरळ खाली गेला की मनगट उचला. हिसका नको, नुसतं उचलणं पुरेसं होतं. दहा मिनिटांत काही नाही झालं तर आणखी चार पावलं आत टाका, तरी नाही तर जागा बदला. उतरत्या पाण्यात हट्टानं एका जागी बसण्यात अर्थ नाही.

सोडवताना हात आधी पाण्यात ओले करा आणि डोक्याकडून शेपटीकडं हात फिरवत पाठीचे काटे दाबून धरा. तळहाताहून लहान चिलापी मी परत सोडतो. शिंगटा, म्हणजे मिशांचा काटेरी मासा, लागला तर जपून. पाठीवरचा आणि दोन्ही कल्ल्यांजवळचे काटे हातात घुसले तर दिवसभर ठणकतात. त्याला चिमट्यानंच सोडवा.

रोहू, मृगळ, कटला

माशाचं तोंड बघितलं की तो कुठं खातो ते कळतं. मृगळाचं तोंड खाली, तो तळ चाळतो. रोहूचा झालरीदार ओठही खालच्या बाजूला वळलेला, तो मधल्या आणि खालच्या पाण्यात चरतो. कटल्याचं तोंड वर उघडतं, तो वरच्या थरातलं खातो. म्हणून तळावर कणीक टाकून कटल्याची वाट बघू नका. वाऱ्याच्या काठाला, तरंग्याखाली दोन-तीन फुटांवर भुश्शाचा मऊ गोळा लटकवला तर तो येण्याची शक्यता असते. पण सुरुवातीला त्याच्या मागे लागू नये, खूप वेळ जातो.

रोहू-मृगळासाठी आधी चाचपलेल्या उतारावर शिसं तळाला टेकवा, गळ शिश्यापासून वीतभर पुढं. रॉड काटकीवर ठेवा, रिळाचा ड्रॅग, म्हणजे तंगूस सुटताना त्याला धरून ठेवणारा ताण, सैल. मृगळ टोकाला दोन-तीनदा जड जड दाबतो. रोहू एकदम तंगूस घेऊन निघतो, रीळ कुरकुरतं. तेव्हा घाई करू नका. रॉड उभा धरा, ड्रॅग हळूहळू आवळा, पळतो तोवर पळू द्या, थांबला की ओढा. काठाजवळ आल्यावर तो माणसाला बघून शेवटची धाव घेतो, निम्मे मासे तिथंच सुटतात. त्या क्षणी रॉड खाली झुकवून तंगूस देता यायला हवा.

फिरकीभोवती कणीक थापून सहा-आठ गळ लोंबकळवायची पद्धत सर्रास दिसते, आणि नुसते गळ पाण्यात ओढून माशाच्या अंगात रुतवणारेही भेटतात. नव्यानं शिकणाऱ्यानं एकाच गळावर हात बसवावा. अंगात गळ रुतलेला मासा सुटला तरी जखमेनं मरतो.

मरळीबद्दल थोडकंच. जलपर्णीच्या किंवा पाणगवताच्या कडेला दुपारच्या उन्हात ती हवा घ्यायला वर येते, ‘डुब’ असा आवाज होतो. बेडकाच्या आकाराचं रबरी आमिष गवतावरून सरकवत आणलं तर झडप घालते. पण पाण्यावर तांबूस पिलांचा पुंजका एकत्र हलताना दिसला तर तिथं गळ टाकू नका. खाली आई-बाप राखणीला असतात. ते काढले की पिलं इतर माशांच्या तोंडी जातात.

गळाला रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिलं, लागली तर पाण्यातल्या पाण्यातच सोडवा. ते मच्छीमारांचं पुढच्या हंगामाचं पीक आहे. बारीक भोकांच्या वडाप जाळ्यांनी आधीच त्यांचं पुष्कळ नुकसान केलंय, त्यात आपली भर नको. अंगावर खरबरीत कवच असलेला सकर मासा मात्र बाहेरून आलेला आहे. तो जाळी फाडतो आणि इथल्या माशांच्या जागा बळकावतो. तो परत पाण्यात टाकू नये.

जिवाला जपायचं ते

चिखल. वर सुकलेली खपली आणि खाली मांडीभर गाळ, असं उजनीच्या काठावर सगळीकडं आहे. जिथं बोट जाईल एवढ्या भेगा पडल्यात तिथं जमीन पेलते. जिथं पृष्ठभाग दुधावरच्या सायीसारखा चकाकतो तिथं पाय ठेवू नका. म्हशींची पायवाट धरा, हातात काठी ठेवा आणि पाऊल टाकण्याआधी टोचून बघा. एका मार्चमध्ये मी लागलेला मासा घ्यायला चार पावलं पुढं गेलो आणि कमरेपर्यंत रुतलो. आडवा पडून, रॉड छातीखाली घेऊन सरपटत बाहेर यायला पाऊण तास लागला. रुतलात तर पाय उपटायला जाऊ नका, अंग आडवं टाका.

वायर. पाणी मागे जातं तसे शेतकरी मोटारी पुढं सरकवतात. पाइप आणि केबल काठावरून, कधी पाण्यातून गेलेली असते. केबल दिसली की तिच्यापासून लांब बसा आणि तिच्या आसपास पाण्यात उतरू नका. गळ अडकला तर तंगूस तोडून द्या. कार्बनचा रॉड विजेच्या तारेखालून उभा नेऊ नका. गाळपेर केलेल्या पिकातूनही चालू नका, बांधानं जा.

वळीव. एप्रिलपासून दुपारनंतर ढग काळे झाले, वारा एकदम पडला आणि मग थंड झोत आला, की रॉड आडवा ठेवून काठ सोडायचा. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी अशाच वादळी वाऱ्यात कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान प्रवासी बोट उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. हे पाणी विस्तीर्ण आहे, वाऱ्याला मध्ये आडकाठी नाही, काही मिनिटांत मोठ्या लाटा उठतात. नवख्यानं होडीत बसूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. बसलातच तर लाइफ जॅकेट अंगात घालून, बंद लावून.

तुटलेला तंगूस हातभर असला तरी गुंडाळून खिशात घाला. रोहित आणि शराटी पक्षी चिखलातून चालताना त्यात पाय गुंततात.

आणि निघायच्या आधी मोबाइल काढा. ज्या कोरड्या बांधावर, खळग्यांत, ओढ्याच्या वळणावर तुम्ही आज उभे आहात, त्यांचे फोटो घ्या आणि नकाशावर खूण करून ठेवा, मागे एखादं झाड, देऊळ किंवा टॉवर दिसेल असे. वहीत तारीख आणि टक्केवारी लिहा. गणपतीनंतर याल तेव्हा तिथं दहा-बारा फूट पाणी असेल, आणि शिसं कुठं टाकायचं ते तुम्हाला माहीत असेल.